खेळाचा धनी कोण? एका जादूच्या पेटीची नोंदवही

जुन्या जादूगाराचं सामान ज्यांच्या हाती लागलंय आणि त्यातला कुठला खेळ मुळात कोणाचा हे नीट लिहून ठेवायची ज्यांना इच्छा आहे, त्यांच्यासाठी या नोंदी. आम्ही चौघं हौशी जादूगार, सगळे नोकरीधंदा सांभाळून. खेळांची गुपितं इथे मिळणार नाहीत. काम कुठे अडलं आणि कसं सुटलं, एवढंच आहे.

७ जानेवारी २०२४

पेटी आली. मिरजेहून पुण्यापर्यंत टेम्पोचं भाडं २,२०० रुपये. पेटी जादूगार अण्णांची. त्यांनी सांगली, कोल्हापूर, बेळगाव पट्ट्यात तीसेक वर्षं प्रयोग केले. शाळा, जत्रा, गणपतीचे कार्यक्रम, साखर कारखान्यांचे हंगाम. ते गेल्यावर पेटी माळ्यावर पडून होती. त्यांचा मुलगा, आम्ही त्यांना दादा म्हणतो, फोनवर म्हणाले, "भंगारवाल्यानं किलोवर मागितली. त्यापेक्षा तुम्ही न्या. पण कुठला खेळ कुणाचा, ते लिहा. अण्णा सांगायचे, ह्यातलं निम्मं माझं नाही."

या शेवटच्या वाक्यामुळेच काम हाती घेतलं.

पेटीत पितळी लोटे, रेशमी रुमालांचं गाठोडं, पत्त्यांचे जोड, दोऱ्या, रिंगा, तळ नसलेली टोपली, ब्लेडची पाकिटं, हँडबिलांचा गठ्ठा आणि पाच वह्या. वस्तूंना सुतळीने पुठ्ठ्याचे नंबर बांधायला घेतले.

पहिला घोटाळा संध्याकाळीच झाला. आमच्यातल्या एकाने लोटे चिंच-मीठ लावून लखलखीत घासून आणले. एका लोट्याच्या बुडाला बनवणाऱ्याचा ठसा होता, अक्षरं आधीच झिजलेली. घासल्यावर ती गेलीच. बुडाचा फोटो कुणी काढला नव्हता. आता नियम असा: आधी सगळ्या बाजूंचे फोटो, मग नंबर, मग वहीत नोंद आणि घासायचं तर सगळ्यात शेवटी. खरं म्हणजे घासूच नये. काळं पडलेलं पितळ वस्तूचं वय सांगायला मदत करतं, लखलखीत पितळ काहीच सांगत नाही.

२१ जानेवारी

तक्ता केला. रकाने तीन: खेळ, जनक, साल. पहिलीच ओळ 'बाईचे दोन तुकडे'. अण्णांच्या १९६८ च्या हँडबिलावर तो मोठ्या टायपात आहे. तक्ता तिथेच मोडला.

लाकडी पेटीत बाईला घालून करवतीने पेटी कापण्याचा प्रयोग पी. टी. सेल्बिट याने लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात १७ जानेवारी १९२१ रोजी लोकांपुढे केला. (याचं खरं आडनाव टिबल्स. रंगमंचावरचं नाव त्याने तेच उलटं फिरवून केलं होतं.) त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने आपला प्रयोग बाहेर काढला. सेल्बिटच्या पेटीत बाई पूर्ण झाकलेली, तिच्या हातापायांना बांधलेल्या दोऱ्या प्रेक्षकांच्या हातात. गोल्डिनच्या पेटीतून डोकं, हात, पाय बाहेर दिसायचे आणि शेवटी पेटीचे दोन भाग बाजूला सरकवले जायचे. आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येतं ते चित्र दुसरं. सेल्बिट अमेरिकेत पोचला तेव्हा या खेळाला देता येतील अशी नावं गोल्डिनने आधीच आपल्या नावावर अडकवून ठेवली होती. सेल्बिट कोर्टात गेला, हाती काही लागलं नाही. पुढे १९३१ च्या सुमारास गोल्डिनने पेटीच काढून टाकली आणि मोठी फिरती गोल करवत आणली.

अण्णांच्या हँडबिलावरचं चित्र गोल करवतीचं आहे. म्हणजे त्यांच्यापर्यंत खेळ आला तो बहुधा बंगाली जादूगार पी. सी. सरकारांच्या वाटेने. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात सरकारांनी दीप्ती डे या आपल्या साथीदार मुलीवर करवत चालवली. तिला उठवायचा प्रयत्न केला, ती उठेना, तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बल्बी यांनी कार्यक्रम संपल्याचं सांगितलं. मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीला फोन करकरून लाइनी जाम केल्या. सरकारांचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत. आता सांगा, 'जनक' या रकान्यात काय लिहायचं? करवत सरकारांची नाही, पण तो न उठण्याचा क्षण त्यांचाच.

तक्ता फाडला.

४ फेब्रुवारी

नवे रकाने. आजवर टिकलेत, म्हणून पूर्ण देतो: प्रेक्षकाला काय दिसतं (एकच वाक्य), कल्पना कोणाची, पद्धत कोणाची, सादरीकरण कोणाचं, बाजारात कोणी आणलं, सर्वांत जुना पुरावा कुठला, अण्णांनी काय बदललं, वाद. रकाना रिकामा राहिला तर राहू द्यायचा. भरायचाच म्हणून भरलेल्या रकान्याने पुढच्या माणसाचं नुकसान होतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो अण्णांच्या नावांनी. वहीत 'यमाची पेटी', 'लक्ष्मीचा लोटा', 'शहाणी राणी', 'सासूची दोरी' अशी नावं आहेत. शोधणार कसं? सुरुवातीला आम्ही नावावरून जुळवायला गेलो आणि दोन रविवार त्यात गेले. मग उलटं केलं. आधी प्रत्येक खेळ प्रेक्षक म्हणून एका वाक्यात लिहायचा आणि त्या वाक्यावरून शोधायचा. 'लोटा रिकामा करतात, थोड्या वेळाने पुन्हा भरलेला' असं लिहिलं की पाच मिनिटांत सापडतो. परदेशी कॅटलॉगांत तो लोटा याच नावाने विकला जातो. सरकारांच्या कार्यक्रमात 'वॉटर ऑफ इंडिया' म्हणून तो दर थोड्या वेळाने परत यायचा.

शोधायला उपयोगी पडलेल्या जागा: जर्मन जादूगार डेनिस बेहर यांचं 'कॉन्ज्युरिंग आर्काइव्ह', ज्यात कुठला खेळ कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे याची सूची आहे. 'कॉन्ज्युरिंग क्रेडिट्स', जिथे खेळांची वंशावळ दिली आहे. आणि न्यूयॉर्कच्या कॉन्ज्युरिंग आर्ट्स रिसर्च सेंटरचा 'आस्क अलेक्झांडर' हा जुन्या मासिकांचा शोधसाठा. पत्त्यांचं काम या तिघांवर भराभर झालं. 'शहाणी राणी' म्हणजे जो बर्गचा १९३६ चा अल्ट्रा मेंटल जोड. प्रेक्षकाने पत्ते न बघताच लाल-काळे वेगळे लावण्याचा खेळ पॉल करीचा, १९४२ चा. चार पत्ते मोजताना एक लपवायची जी युक्ती आपण सगळे एल्म्सली काउंट म्हणतो, तिला खुद्द अॅलेक्स एल्म्सली 'घोस्ट काउंट' म्हणायचे. नाव लोकांनी बदललं, सुदैवाने या वेळी योग्य माणसाच्या बाजूने.

नेहमी तसं होत नाही. पारदर्शक भूत रंगमंचावर दाखवण्याची कल्पना लिव्हरपूलचे इंजिनिअर हेन्री डर्क्स यांची. १८५८ मध्ये त्यांनी ती विद्वानांपुढे मांडली, पण तिच्यासाठी थिएटरच नव्याने बांधावं लागलं असतं, म्हणून कुणी विचारलं नाही. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकचे प्रोफेसर पेपर यांनी ती साध्या रंगमंचावर बसेल अशी केली आणि २४ डिसेंबर १८६२ ला दाखवली. पेटंट दोघांच्या नावे, पैसे पेपरना, आणि भूतही पेपरचंच म्हणून प्रसिद्ध झालं. डर्क्सनी दुसऱ्याच वर्षी पुस्तक लिहून तक्रार मांडली. आमच्या रकान्यांत हे प्रकरण चपखल बसतं: कल्पना डर्क्स, पद्धत दोघं, सादरीकरण पेपर. अण्णांच्या पेटीत भूत नाही, पण तक्ता तपासायला ही ओळ घालून बघितली.

१८ फेब्रुवारी

मिरजेला गेलो. माळ्यावर अजून एक कपाट आहे म्हणून दादांनी बोलावलं होतं. उभं, अरुंद, तीन कप्प्यांचं, मधला कप्पा बाजूला सरकणारा. झिगझॅग, म्हणजे आत उभ्या बाईचं मधलं अंग बाजूला सरकलेलं दिसतं तो खेळ.

हा खेळ रॉबर्ट हार्बिन यांचा, १९६५ चा. जन्माने दक्षिण आफ्रिकेचे, कारकीर्द लंडनमध्ये. (हेच हार्बिन ब्रिटिश ओरिगामी सोसायटीचे पहिले अध्यक्ष. कागदाच्या घड्या आणि माणसाच्या घड्या, दोन्हींत हात बसलेला.) खेळ आला आणि जगभर नकला झाल्या. १९७० मध्ये त्यांनी आपल्या खेळांचं पुस्तक फक्त ५०० प्रतींत काढलं, आणि ज्याच्याकडे प्रत त्याला ते खेळ बनवून करायची मुभा. कायद्यापेक्षा सभ्यतेवर भरवसा ठेवणारी योजना.

अण्णांकडे ती प्रत नव्हती. वहीत लिहिलंय, 'मुंबईत पाहिला. दोनदा तिकीट काढून पाहिला. परत येऊन सुताराला सांगितला.' पुढे पुठ्ठ्यावर मापं, इंचात. सुतार मिरजेचेच, सतारी-तंबोऱ्यांच्या भोपळ्यांना लाकडी गळे बसवणाऱ्या कारागिरांच्या शेजारी त्यांचं दुकान होतं. कपाटाची मधली सरक बघण्यासारखी आहे. धातूची पट्टी नाही. सागाच्या खाचेत सागाचीच जीभ, आणि खाचेला मेण चोळलेलं. इतक्या वर्षांनी एका बोटाने सरकते आणि आवाज येत नाही.

मंडळींत इथे भांडण झालं. एकाचं म्हणणं, हा चोरलेला खेळ आहे, तसं स्पष्ट लिहा. दुसऱ्याचं म्हणणं, अण्णांनी लंडनला पत्र पाठवून परवानगी मागायची होती का, जत्रेत दहा पैसे तिकिटावर खेळ करणाऱ्या माणसाने? मला दोन्ही बरोबर वाटलं. शेवटी ओळ अशी: कल्पना आणि पद्धत हार्बिन, १९६५. अण्णांनी प्रयोग पाहून, परवानगीशिवाय बनवला. मधल्या कप्प्याची लाकडी सरक मिरजेच्या सुतारांची. सुतारांचं नाव वहीत आहे, घरच्यांना विचारून मगच छापू. कारागिराचं नाव जादूच्या इतिहासात सहसा येत नाही, आणि खेळ चालतो तो त्याच्या जोरावर.

१० मार्च

हँडबिल क्रमांक १४: 'जगप्रसिद्ध भारतीय दोरीचा चमत्कार, आज रात्री'. वहीत यावर ओळ नाही. सामानही नाही. दादांना विचारलं. हसत म्हणाले, "तो कधीच व्हायचा नाही. त्या रात्री हमखास वारा सुटायचा."

ही ओळ भरायला सर्वांत अवघड आणि सर्वांत मजेची. दोरी आकाशात ताठ उभी राहते, पोरगं वर चढून नाहीसं होतं. याचा आधुनिक बोलबाला शिकागो ट्रिब्यूनच्या ८ ऑगस्ट १८९० च्या अंकातल्या बातमीपासून. लेखकाचं नाव फ्रेड एस. एलमोर, सगळी बातमी बनावट. चार महिन्यांनी पेपरने खुलासा छापला की हे अंक खपवण्यासाठी रचलं होतं. लिहिणारा जॉन एल्बर्ट विल्की. तोच पुढे १८९८ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख झाला. खुलासा कुणी वाचला नाही, बातमी मात्र जगभर गेली. १९३४ मध्ये लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेच्या समितीने खराखुरा खेळ करून दाखवणाऱ्याला ५०० गिनी जाहीर केल्या. त्या कुणी नेल्या नाहीत. दोरी, साखळी, हवेत चढणारा मुलगा अशा कथा त्याआधीही होत्या, इब्न बतूताने चीनमधला तसा प्रसंग लिहून ठेवलाय. पण 'भारतीय दोरी' म्हणून जी ख्याती झाली ती या बातमीची.

ओळ: कल्पना जुन्या कथांतली. सादरीकरण, म्हणजे बातमी, विल्की, १८९०. पद्धत: नाही. अण्णांनी काय बदललं: वारा.

२४ मार्च

ब्लेडची पाकिटं. अण्णा ब्लेड एकेक करून तोंडात टाकायचे, मग दोरा गिळायचे आणि तोंडातून दोऱ्यात ओवलेली ब्लेडची माळ काढायचे. शाळांतून हा खेळ १९८० च्या आसपास बंद केला, पोरं घरी नक्कल करतात म्हणून. वहीत तशी नोंद आहे. वहीत खेळाच्या डोक्यावर 'हुदिनीचा' असं लिहिलंय.

इथे आम्हाला नोंद दुरुस्त करायची होती. हुदिनीने सुया-दोऱ्याचा हा खेळ मोठमोठ्या थिएटरांत केला आणि त्याच्या नावाशी तो जोडला गेला हे खरं. पण पाश्चात्त्य जादूगार स्वतःच त्याला 'ईस्ट इंडियन नीडल ट्रिक' म्हणत आले. मागे गेलं की रामो सामी सापडतो. रामस्वामी असणार. दक्षिण भारतातला कसरत-जादूवाला, १८१० च्या दशकात लंडनला गेला, अमेरिकेतही खेळ करून आला. तो मणी आणि घोड्याचा केस वेगवेगळे तोंडात घ्यायचा आणि मणी केसात ओवून बाहेर काढायचा. पितळी गोळे झेलण्यातही तो तरबेज होता. १८५० मध्ये लंडनमध्येच वारला, आणि अंत्यविधीच्या पैशांसाठी त्याच्या बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली.

मग 'जनक: रामो सामी' लिहायचं? नाही. नाव त्याचं सापडतं ते तो लंडनला पोचला म्हणून, तिथे जाहिराती छापल्या जायच्या म्हणून. गावी हाच खेळ करणारे त्याचे काका-मामा कुणी छापले नाहीत. म्हणून 'सर्वांत जुना पुरावा' हा रकाना वेगळा ठेवल्याचं समाधान वाटलं. पुराव्यात रामो सामी, कल्पनेच्या रकान्यात 'दक्षिण भारतातले फिरते खेळवाले, १८१० पूर्वी'. सुया हुदिनीच्या वाटेने, ब्लेड त्यानंतरची.

नुसतं 'पारंपरिक' लिहायला आम्ही चौघांनी मिळून बंदी घातली आहे. लिहायचंच तर कुठल्या भागातलं, कुठल्या काळातलं, कोणी पाहून लिहिलं हे सोबत हवं. कप आणि गोळ्यांचा खेळ बघा. रोममध्ये सेनेकाने आपल्या ४५ व्या पत्रात वाट्या-खड्यांची हातचलाखी उल्लेखली आहे, इंग्लंडात रेजिनाल्ड स्कॉटच्या १५८४ च्या पुस्तकात गोळ्यांची हातचलाखी सविस्तर आहे. आपल्याकडचे कप वेगळे, वर गोंडा असलेले, तो दोन बोटांत धरून उचलायचे. धरण्याची पद्धत बदलली की सगळी चाल बदलते. असा फरक 'पारंपरिक' या एका शब्दाखाली गाडला जातो.

उलट दिशेचंही एक उदाहरण याच ओळीखाली टिपून ठेवलंय. हवेत तरंगत्या बाईचा जो खेळ अमेरिकन जादूगार केलरने १९०४ पासून हिंदू राजकन्येची गोष्ट जोडून केला, तो यंत्रणेसकट लंडनच्या मास्केलीनकडून उचललेला होता. मास्केलीनच्या थिएटरातला एक जादूगारही केलरने आपल्याकडे ओढला होता. गोष्ट भारताची, लोखंड इंग्लंडचं, टाळ्या अमेरिकेत.

१४ एप्रिल

टोपलीच्या खेळासाठी साताऱ्याकडच्या एका वस्तीवर गेलो. अण्णांच्या वहीत 'टोपली, बाबांकडून शिकलो, ५० रुपये आणि धोतरजोडी दिली' अशी नोंद आहे. ते बाबा आता नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ भेटले, सत्तरीच्या पुढचे. नातवाने चहा आणला.

आम्ही विचारलं, "बाबा, हा टोपलीचा खेळ मुळात कुणाचा?"

"आमचाच की. बापाचा. त्याच्या बापाचा."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी न्हवतो."

एवढं बोलून ते उठले, आतून गोधडीत गुंडाळलेली टोपली आणली. वेताची, पोट फुगीर, तोंड अरुंद. आतल्या बाजूला एका ठिकाणी वेत गुळगुळीत, जवळजवळ काळा झालेला. पिढ्यान्‌पिढ्या पोरांचा खांदा तिथे घासत आला होता. आम्हाला इतका पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्याच वस्तूत मिळालेला नाही. (लंडनला हा खेळ कर्नल स्टोडेअरने १८६५ मध्ये इजिप्शियन हॉलमध्ये 'इंडियन बास्केट ट्रिक' म्हणून केला. तिथे निदान नावात इंडियन ठेवलं.)

नाव लिहू का विचारल्यावर मात्र चेहरा बदलला. "नाव लिवल्यावर कोन येतंय का? पोलीस?" भीती उगाच नाही. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य किंवा खेळ दाखवून पैसे घेणं हेसुद्धा भीक मागण्यातच धरतो. रस्त्यावर खेळ करणाऱ्याला आपलं नाव कागदावर येणं म्हणजे काय, हे थिएटरात खेळ करणाऱ्याला कळायचं नाही.

शेवटी असं ठरलं: त्यांचं नाव नको, पण त्यांच्या वडिलांचं घाला. "त्यांला आता कोन धरनार?" वडिलांचं नाव आमच्या कागदी वहीत आहे. छापील प्रतीत वस्तीचं नाव आणि गाव गाळून तालुका ठेवला. जातानाच ५०० रुपये आणि एक साडी द्यायची असं आधी ठरवलं होतं, कारण अण्णांनी दिलं होतं. त्यांनी पैसे नातवाकडे दिले आणि साडी परत केली, "घरात बाय न्हाई."

अशा भेटीला कॅमेरा नेऊ नका. आम्ही नेला होता, गाडीतच ठेवला, आणि बरं झालं.

२८ एप्रिल

कायद्याचा रविवार. आमच्यातल्या एकाला वाटत होतं की अण्णांचे खेळ कॉपीराइटला नोंदवून टाकावेत. ओळखीच्या वकीलबाईंकडे गेलो, फी घेतली नाही, मिसळ आमच्याकडून.

त्यांनी सांगितलेलं थोडक्यात. खेळाची युक्ती, म्हणजे पद्धत, कॉपीराइटमध्ये येत नाही. आपल्या १९५७ च्या कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत मूकाभिनयाचा कार्यक्रम येतो, पण तो लिहून किंवा अन्य रीतीने पक्का केलेला असायला हवा. आणि दुसरं, जे ऐकून आम्ही खूश झालो: १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या 'परफॉर्मर'च्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतवाला, जगलर, जादूगार आणि गारुडी यांची नावं सरळ दिलेली आहेत. संमतीशिवाय त्यांच्या प्रयोगाचं चित्रीकरण करता येत नाही. म्हणजे एक कायदा रस्त्यावरच्या खेळवाल्याला भिकारी म्हणतो आणि दुसरा त्याला लता मंगेशकरांच्या ओळीत बसवतो. दोन्ही लागू आहेत.

परदेशातली एक केस त्यांनी वाचून दाखवली. अमेरिकन जादूगार टेलर यांच्या 'शॅडोज' या प्रयोगात फुलदाणीतल्या गुलाबाच्या सावलीवर सुरी चालते आणि खऱ्या गुलाबाच्या पाकळ्या गळतात. त्यांनी तो १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. २०१२ मध्ये एका युरोपियन जादूगाराने तसाच प्रयोग व्हिडिओवर दाखवून विकायला काढला. नेवाडाच्या कोर्टाने मार्च २०१४ मध्ये निकाल टेलरच्या बाजूने दिला, पण नाट्य म्हणून. युक्ती त्यात नव्हतीच.

मंडळींचा निर्णय: नोंदणी नाही. आपलं काम श्रेय लिहिणं, मालकी ठरवणं नव्हे.

१९ मे

फोन आला, एका ज्येष्ठ जादूगारांचा. आवाज चढलेला. "तुम्ही लोक सगळं उघडं पाडताय. आम्ही खायचं काय?"

त्यांचा राग रास्त आहे, आणि याला जुनं उदाहरण आहे. गोल्डिनने आपल्या करवतीच्या खेळाचं अमेरिकन पेटंट १९२३ मध्ये मिळवलं. पेटंट म्हणजे पद्धत आकृतीसकट सरकारदरबारी सगळ्यांना खुली. पुढे एका सिगरेट कंपनीने जादूचे खेळ उलगडून सांगणाऱ्या जाहिराती काढल्या, त्यात हाही होता. गोल्डिन कोर्टात गेला. १९३८ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला: तू स्वतःच जाहीर केलेली गोष्ट त्यांनी सांगितली. श्रेय पक्कं करायला गेला आणि गुपित गेलं.

म्हणून आम्ही 'पद्धत कोणाची' लिहितो, 'पद्धत काय' लिहीत नाही. पद्धत कळवणारा कागद वेगळा, फक्त हाताने लिहिलेला, वस्तूच्या नंबरावर बंद पाकिटात, आणि पाकिटं दादांच्या कपाटात. वस्तूंचे फोटोही दोन संच: बाहेरून दिसणारे सगळ्यांसाठी, आतले नाही. या विभागणीत फोटो पुन्हा चाळावे लागले आणि त्यातच अख्खा मे गेला. सुरुवातीपासून दोन फोल्डर केले असते तर वाचला असता. तुम्ही करा.

ज्येष्ठांना तक्ता छापून पाठवला. चार दिवसांनी त्यांचाच फोन, या वेळी आवाज खालचा. तीन ओळींत दुरुस्त्या सांगितल्या, त्यातल्या दोन पुराव्यासह. तिसरी वादाच्या रकान्यात.

१६ जून

खर्चाचा हिशेब आतापर्यंत. टेम्पो २,२००. वह्या आणि हँडबिलांचं स्कॅनिंग, पान ६ रुपये, मिळून सुमारे ३,४००. आम्लविरहित कागदाच्या पिशव्या १,१५०, आधी साध्या प्लास्टिकच्या घेतल्या होत्या, पावसाळ्याच्या तोंडावर त्यात दमटपणा धरला आणि दोन हँडबिलं चिकटली. प्रवास, चहापाणी धरून साधारण ५,०००. परदेशी पुस्तकं विकत घेतली नाहीत, पानांपुरती सूची पुरली.

शेवटची मोठी ओळ 'एसटीचं तिकीट'. हा खेळ अण्णांचा स्वतःचा, असं घरचे सगळे सांगतात. प्रेक्षकाकडून त्याच दिवसाचं एसटीचं तिकीट मागायचं, कंडक्टरचं भोक कुठे पडलंय ते दोघा-तिघांना दाखवायचं, फाडून तुकडे करायचे, फुंकर, तिकीट अखंड आणि भोक त्याच जागी. मधे कंडक्टरच्या आवाजात 'सुट्टे द्या सुट्टे' हा संवाद. पोरं लोळायची म्हणे. कंडक्टर चिमट्याने तिकिटं पंच करायचा त्या काळाबाहेर हा खेळ चालायचा नाही, आणि मशीनची तिकिटं आल्यावर अण्णांनी तो सोडला.

कागद फाडून जोडण्याचा खेळ फार जुना, ते सरळ लिहिलं. नवं आहे ते तिकीट, भोक आणि कंडक्टर. अण्णांच्या वहीत १९७४ ची तालीम नोंदलेली, आणि त्याच पानाला पंच केलेली पाच तिकिटं टाचणीने लावलेली.

ओळ बंद करणार इतक्यात कोल्हापूरच्या एका जादूगारांच्या घरून निरोप आला की हा खेळ त्यांच्या वडिलांचा, १९७१ चं हँडबिल आहे. दादांना भीतभीत कळवलं. ते म्हणाले, "असेल. दोघं एकाच गाडीने यायचे-जायचे."

सध्या सादरीकरणाच्या रकान्यात दोन्ही नावं आहेत आणि वादाच्या रकान्यात 'कोल्हापूरचं हँडबिल पाहणं बाकी'. ते नुसता फोटो पाठवायला तयार नाहीत, प्रत्यक्ष या म्हणतात. २३ जूनला जातोय. येताना त्यांच्या वह्याही स्कॅन करून आणायच्या, त्यासाठी स्कॅनर दोन दिवस भाड्याने, ८०० रुपये.